गंजक्या कुलपांचं दार

आमच्या केंद्राच्या मधल्या खोलीत एक दार उभं आहे. चौकटीसकट, पण भिंतीशिवाय. त्याच्या अलीकडेही तीच खोली आणि पलीकडेही तीच. नवे पालक आले की आधी त्या दाराकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि बाईंचं वय झालं असं मनातल्या मनात ठरवून टाकतात. दारावर वरपासून खालपर्यंत कुलपं, कड्या, लॅच, बोल्ट असं काय काय ठोकलेलं आहे आणि त्यातलं एकही सरळ चालत नाही. एक अर्ध्यावर अडतं. एकाला किल्ली लावून आधी खाली हिसका द्यावा लागतो. एक इतकं गंजलंय की ते उघडलं की आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. वर पाटी आहे: 'कृपया तेल घालू नये.'

यंदा मी निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि त्याबरोबर शिलाई मशीनच्या तेलाची एक छोटी कुपी. मग सगळे खो खो हसले. मीही हसले. त्या कुपीमागे माझी एक चूक आहे, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही शहाणपणापेक्षा तीच मला जास्त आवडते. म्हणून दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा तीच पहिल्यांदा आठवली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये हे नाव ऐकून सुरुवातीला लोक मला पोरांचे बायोडेटा आणून द्यायचे. "आयटीआय फिटर आहे, मॅडम. कुठंही चिकटवा, शिफ्टची अडचण नाही." मी नोकऱ्या लावत नाही. शर्टाचं बटण, तोंडात घास, पाटीवरचं अक्षर, अंगावर तांब्याभर पाणी, ही रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून त्याच्या हातापायांना शिकवते. खरं तर हातापायांमागच्या मेंदूला. पहिली काही वर्षं मी हॉस्पिटलात प्रेस मशीनखाली बोटं गेलेल्या कामगारांबरोबर काढली. उरलेल्या अडीच बोटांनी नट पिळायचा कसा, हे मी एकेकाळी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. नंतर ऑटिझम असलेली मुलं आली आणि मी त्यांच्यातच रमले.

ऑटिझम म्हटलं की लोकांना आठवतं, मूल बोलत नाही, नजर देत नाही, एकटं खेळतं. हालचालींचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. जिना उतरताना पाऊल किती खाली टाकायचं, चेंडू येताना हात नेमका कधी पुढे करायचा, बटण किती जोरानं ढकलायचं, हे आपण कधी शिकलो तेसुद्धा आपल्याला आठवत नाही. या मुलांतल्या बऱ्याच जणांना ते एकेक तुकडा जोडून शिकावं लागतं. पण शिकतात. आणि शिकली की अशी पक्की शिकतात की आपण तोंडात बोट घालावं.

नमनालाच घडाभर तेल गेलं. आणि मी तर तेलापासून लांब राहायचं ठरवलं आहे.

आधी एका आजोबांची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे सुटलं. चिखली गावातलं जुनं घराणं. आजोबा आपल्या आठ वर्षांच्या नातवाला, श्रेयसला, घेऊन यायचे. डोक्याला कडक फेटा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, पोरगं बोलत न्हाई म्हन्त्यात. बरं हाय की! आमच्या घरात येक तरी गप हाय."

श्रेयसची अडचण जोराची होती. पेन्सिल धरली की मोडायची, कागदावर टेकवली की कागद फाटायचा. मी त्याला मऊ माती दिली, स्प्रिंगचे चिमटे दिले, आमच्या पुस्तकातलं सगळं केलं. एका उन्हाळी दुपारी उकडतंय म्हणून आजोबांनी फेटा सोडला आणि जाताना पुन्हा बांधायला घेतला. एक टोक धरायला कुणी तरी लागतं. समोर नातू होता, त्याच्या हातात दिलं. पोरानं असं खेचलं की आजोबा दोन पावलं पुढे आले. मग त्यानं सैल सोडलं तर पदर गळून पडले. आजोबा ओरडले नाहीत. नुसते "हां... हां... आता आसं," म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फेटा सोडून आले. महिन्याभरात तो पोरगा फेट्याचं टोक असं तोलून धरायला लागला की ताण ना कमी ना जास्त. आणि त्याच्या पेन्सिली मोडायच्या थांबल्या.

मी आजोबांना विचारलं, "तो कापडाकडे बघतच नाही. खिडकीतून बाहेर बघतो. तरी कसं जमतं?"

"बगायचं कशाला? ताण हाताला कळतोय."

मी हसले, फाइलीत एक ओळ लिहिली आणि विसरून गेले.

त्यानंतर काही वर्षांनी सुनीता कांबळे आली. कासारवाडीत राहणारी, चाकणच्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या लाइनवर काम करणारी. गाडीच्या पोटात वायरींचा जो जाडजूड जुडगा असतो तो हार्नेस. एका मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यामधून शेकडो वायरी ठरलेल्या वाटेनं न्यायच्या आणि टेपनं गुंडाळायच्या. हे काम बहुतेक बायकाच करतात. सुनीताचा नवरा नव्या गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगी तेरा वर्षांची, सम्यका. सगळे समू म्हणतात. समू दिवसाला मोजून आठ-दहा शब्द बोलायची, त्यातले चार खाण्याचे.

"जय भीम, मॅडम," म्हणून सुनीता बसली ती थेट मुद्द्यावर आली. "समूची शाळेची व्हॅन पावणेचारला सोडते. माझी कंपनीची बस साडेचारला येते. मोशीच्या सिग्नलला अडकली तर पाच. तेवढा वेळ समोरच्या काकू सांभाळतात. पण काकू दोन महिन्यांनी मुलीकडं तळेगावला चालल्यात, कायमच्या. खाली साळुंखेभाऊंचं किराणा दुकान हाय, ते लक्ष ठेवतो म्हणालेत, पण दुकान सोडून वर येणं त्यांना जमत नाही."

"मग?"

"मग काय! लाइनला उभी राहून राहून आत्ता कुठं मी लाइन लीडर झाले. चोवीस बाया माझ्या हाताखाली हायेत. काकू गेल्या की मला घरी बसावं लागणार. समूला किल्ली शिकवा, मॅडम. स्वतः दार उघडून आत जायचं, कडी लावायची आणि मी येईपर्यंत थांबायचं. बाकी मला काही नको."

समू तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून छताच्या पंख्याकडे बघत होती. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "दोन महिने? खूप झाले."

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. काम शेवटाकडून शिकवायचं. म्हणजे सुरुवातीला किल्ली मीच लावायची, मीच फिरवायची, आणि समूनं फक्त शेवटचा धक्का द्यायचा. दार उघडलं, तिच्या हातून उघडलं! मग एकेक पायरी मागे सरकायचं. त्यामुळे मुलाचा प्रत्येक प्रयत्न यशावरच संपतो. मी सुनीताला पायऱ्या कागदावर काढून दाखवल्या. कमरेच्या पाऊचमधून किल्ली काढणं, लावणं, फिरवणं, दार ढकलणं, आत जाऊन कडी, मग घरातल्या फोनवरून आईला मिस्ड कॉल.

"हे तर आमचं वर्क इन्स्ट्रक्शन झालं!" सुनीता एकदम खुलली. दुसऱ्या दिवशी ती लॅमिनेशन केलेला कागदच घेऊन आली. प्रत्येक पायरीचा फोटो, बाण, काय करायचं नाही ते लाल रंगात. खाली चौकट होती: तयार करणार, सुनीता. तपासणार, मॅडम. मंजूर करणार, समू. एवढा नीटनेटका कागद मी माझ्या पदवीच्या शिक्षणातसुद्धा केला नव्हता.

मी लाकडी फळीवर एक नवंकोरं लॅचचं कुलूप बसवून घेतलं आणि फळी टेबलावर समूच्या छातीच्या उंचीला उभी केली. समूच्या बोटांना त्रास नको म्हणून रोज सकाळी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडत होते. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरायची. एकच गोष्ट मला खटकत होती. समू कुलपाकडे बघतच नव्हती, तिची नजर कायम पंख्याला. "समू, इकडे बघ. समू, कुलपाकडे बघ." मी हे दिवसातून किती वेळा म्हणत असेन, त्याला गणती नाही. तिनं बघितलं नाही, पण तीन आठवड्यांत ती एका दमात कुलूप उघडायला लागली. गंगेत घोडं न्हालं. मी केंद्रात पेढे वाटले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी कासारवाडीला त्यांच्या घरी गेलो. पहिल्या मजल्यावर एका ओळीत चार खोल्या, समोर कॉमन गॅलरी. समूनं पाऊचमधून किल्ली काढली, लावली, फिरवली. किल्ली अर्ध्यावर अडली. समूनं ती काढली, पुन्हा लावली, पुन्हा तेवढीच फिरवली. पुन्हा अडली. तिच्या हिशेबानं तिनं सगळं बरोबर केलं होतं आणि दार खोटं बोलत होतं. मी मागून म्हणत होते, "समू, इकडे बघ! कुलपाकडे बघ ना!" माझा आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं. समूनं किल्ली फेकली, कानांवर हात दाबले आणि किंचाळायला लागली. मग स्वतःचं मनगट चावलं. गॅलरीत माणसं जमली.

सुनीतानं एका हातानं लेकीला कवेत घेतलं, दुसऱ्या हातानं किल्ली उचलली, कुलपाला लावली आणि दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. हे सगळं एका क्षणात. मी तिच्या मागेच उभी होते म्हणून मला दिसलं.

"सुनीता, तू आत्ता गुडघा लावलास."

"कुठं?"

"दाराला. किल्ली फिरवताना."

"मी? नाही ओ."

मी तिला बाहेर बोलावून पुन्हा उघडायला लावलं. तिचा उजवा गुडघा आपसूक वर गेला, दाराला एक ठोसा बसला आणि किल्ली फिरली. सुनीता स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिली. "अगं बाई! म्हणजे एवढी वर्षं मी दाराला रोज लाथ घालतीय!" दार फुगलेलं होतं. ते दाबल्याशिवाय कुलपाची जीभ सुटायचीच नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच माहीत नव्हतं, म्हणून आमच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये ती पायरी आलीच नव्हती.

घरी येताना बसमध्ये मी खिन्न होते. समूच्या मनगटावरचे दातांचे वण डोळ्यांसमोरून जात नव्हते. दोन महिन्यांतला एक संपला होता आणि मी मुलीला एक असं कुलूप शिकवलं होतं, जे जगात फक्त माझ्या टेबलावर होतं.

त्याच सुमारास आमच्याकडे डॉ. मुग्धा यायची. पुण्यातली तरुण संशोधक. मुलं नवीन हालचाल शिकतात तेव्हा मेंदूत काय चालतं, हा तिचा विषय. तिच्याकडे एक टोपी होती. घट्ट बसणारी, ठिकठिकाणी बटणांसारखे सेन्सर, आणि त्यातून निघालेल्या वायरी कॉम्प्युटरला जोडलेल्या. मेंदूच्या कामातून जी अगदी बारीक वीज डोक्याच्या कातडीवर जाणवते तेवढी ही टोपी टिपते. आत काही सोडत नाही, नुसतं ऐकते. पालकांना हे मला दहा वेळा सांगावं लागायचं.

समूचं नाव पालकांच्या संमतीनं मुग्धाच्या अभ्यासाच्या यादीत होतं, पण समू डोक्याला कंगवासुद्धा लावू देत नसे. म्हणून आम्ही आंघोळीच्या प्लॅस्टिक टोपीपासून सुरुवात केली होती. आधी पाच मोजेपर्यंत, मग दहा. काही आठवड्यांनी टोपी समूला इतकी आवडली की ती काढेचना. रिक्षातून तशीच घरी गेली. सुनीता सांगत होती, सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक हसत होते आणि समू रिक्षात एखाद्या राणीसारखी बसली होती.

कासारवाडीच्या दाराशी झालेल्या फजितीनंतर आठवड्यानं खऱ्या टोपीचा दिवस आला. सुनीतानं साप्ताहिक सुटी त्यासाठी राखून ठेवली होती. मुग्धानं समूला टोपी घातली, पण पडद्यावरच्या रेघा नुसत्या थडथडत होत्या. मुग्धा काळजीत पडली. सुनीता मागे येऊन उभी राहिली आणि टोपीतून निघालेल्या वायरी बघून म्हणाली, "हा तर हार्नेस हाय! पण डॉक्टर, हा कुणी बांधलाय? वायरी लोंबतायत. मुलगी मान हलवते तशा हलतायत. आमच्याकडं असा पीस रिजेक्ट होतो." पर्समधून टेप काढून तिनं सगळ्या वायरी एकत्र केल्या, गुंडाळल्या आणि समूच्या पाठीला अलगद चिकटवल्या. पाच मिनिटांचं काम. रेघा शांत झाल्या. मुग्धानं त्या दिवसापासून आपल्या वायरी सुनीताच्या पद्धतीनं बांधायला सुरुवात केली.

आधी समूनं माझं तेलकट कुलूप उघडलं, एका दमात. मग मी सामानाच्या कपाटाचं गंजलेलं कुलूप आणून तिच्या हातात दिलं. आमच्या हट्टी पोरांपेक्षाही हट्टी कुलूप. पडद्यावर लगेच हालचाल वाढली. समूच्या कपाळाला आठी पडली. नजर मात्र पंख्यावरच. मी सवयीनं तोंड उघडलं, "समू, इकडे..." मुग्धानं ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही तिघी गप्प बसलो. समूची बोटं किल्लीवरून हलत होती. थोडं डावीकडे, थोडं आत, पुन्हा मागे. कुलूप तिनं पोटाशी घेतलं. बराच वेळ गेला. मला तर राहवत नव्हतं. आणि खट्ट! कुलूप उघडलं आणि समू हसली. पेढ्यांच्या दिवशी ती हसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

मुग्धा हळूच म्हणाली, "मॅडम, एका मुलीच्या एका दुपारीवरून मी काही सिद्ध करणार नाही. पण काम नवीन असतं तेव्हा मेंदूत पुष्कळ धावपळ असते. अंगवळणी पडलं की पसारा आवरतो. आणि ऑटिझम असलेली काही मुलं हालचाल शिकताना डोळ्यांपेक्षा हाताच्या जाणिवेवर जास्त विसंबतात, असं काही संशोधकांना दिसलंय. सगळी नाही, पण काही. समू बघत नाही असं नाही. ती हातानं बघतेय."

बगायचं कशाला? ताण हाताला कळतोय. चिखलीच्या आजोबांनी हे मला फेट्याचं टोक धरून शिकवलं होतं आणि मी फाइलीत लिहून विसरले होते. मी तेल घालून घालून कुलपातून नेमकं तेच काढून टाकलं होतं ज्यातून समू शिकते. आणि ज्या किती तरी मुलांना मी आजवर "इकडे बघ, इकडे बघ" म्हणून दामटवलं, त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. ती अजूनही मागते.

सुनीता म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्याचा पण पसारा आवरलाय म्हणा की. मलाच पत्ता नाही." मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं नवीन बाईला सगळे चांगले पीस दिले तर ती लाइनवर फसते. ट्रेनिंगला मुद्दाम खराब पीस ठेवतात. आपण खराब कुलपं आणू या ना."

त्यातून हे दार उभं राहिलं. समूचे वडील ट्रेलरवरून घरी आले होते, त्यांनी भोसरीच्या भंगारवाल्याकडून चौकटीसकट जुनं दार आणलं. जुन्या-नव्या सगळ्या पालकांना निरोप गेला: घरातली बिघडलेली कुलपं द्या, दुरुस्त करू नका. चिखलीचे आजोबा स्वतः गोठ्याचं कुलूप घेऊन आले. "ह्ये माज्या बापालाबी कदी येका दमात उघडलं न्हाई. बगा तुमच्या पोरीला उघडतंय का." मधल्या लॅचच्या फटीत आम्ही पुठ्ठ्याची पाचर मारली, गुडघा लावल्याशिवाय उघडूच नये म्हणून.

समूसाठी तो महिना म्हणजे जत्रा होती. रोज वेगळं कुलूप. ती पंख्याकडे बघत हातानं कुलपाची खोड शोधायची. कधी खांदा लावायची, कधी गुडघा, कधी कपाळ. एकदा तिनं कुलपाला कान लावला आणि आत काही तरी खुळखुळताना ऐकून इतकी हसली की बाकीची मुलंही कान लावायला आली. मी गप्प बसायला शिकत होते. त्या महिन्यात केंद्रात माझं शिकणं सगळ्यात अवघड होतं. तीन आठवड्यांनी कासारवाडीचं दार समूनं पहिल्याच प्रयत्नात उघडलं. गुडघ्याचा ठोसा थेट आईसारखा.

आता एकच पायरी उरली होती आणि ती कुलपाची नव्हती. आत गेल्यावर आई येईपर्यंत कुणीही दार वाजवलं तरी उघडायचं नाही. वाक्य ठरलं होतं, "आई आल्यावर या." समूला वाक्य पाठ झालं. पण ठकठक झालं की दार उघडतात, हे तिचे हात आयुष्यभर शिकले होते. मी बाहेरून ठकठक करायची. समू आतून कडी काढायची, दार सताड उघडायची आणि माझ्याकडे बघून अतिशय अदबीनं म्हणायची, "आई आल्यावर या."

केंद्रातले आम्ही सगळे पोट धरधरून हसायचो. सुनीता हसायची नाही. काकूंचं सामान बांधून झालं होतं.

मी म्हटलं, "अगं, मी ओळखीची म्हणून उघडत असेल. परक्याला नाही उघडणार."

"मॅडम, तुम्हाला उघडते ती कुणालाही उघडेल," सुनीता म्हणाली. "ती चेहरा बघून नाही उघडत, ठकठक ऐकून उघडते."

बरोबर होतं तिचं. मग आम्ही कडीवर समूचा हात ठेवून, तिच्या हातावर माझा हात ठेवून, ठकठक झालं की कडी खाली दाबायचा सराव केला. ठकठक, दाब. ठकठक, दाब. आठवडाभर दुसरं काही नाही. कधी जमायचं, कधी नाही. शुक्रवारी पाच वेळांपैकी दोन वेळा तिनं दार उघडलं. शनिवारी काकू गेल्या.

सोमवारी सुनीता पहिल्या शिफ्टला गेली. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, बसमध्ये बसल्यावरच हातात येतो. मी साडेतीनलाच साळुंखेभाऊंच्या दुकानात जाऊन पोत्यांच्या आड बसले. समूला मी दिसता कामा नये, असं ठरलं होतं. साळुंखेभाऊ माझ्याइतकेच घाबरले होते. गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

व्हॅन आली. समू उतरली, दुकानाकडे नजर न वळवता सरळ जिना चढली. मी चपला काढून हातात घेतल्या आणि मागोमाग अर्धा जिना गेले. समूनं पाऊच उघडला. किल्ली काढली. लावली. नजर गॅलरीत वाळत घातलेल्या साडीवर. गुडघा वर गेला, ठोसा बसला, किल्ली फिरली. समू आत गेली. दार बंद झालं. कडीचा आवाज आला.

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. डोळे भरून आले होते. दोन-दोन पायऱ्या चढत मी वर गेले. पोरीला जवळ घ्यावं, इतकंच मनात होतं. आणि मी दार वाजवलं.

"समू! अगं, मी आहे. मॅडम!"

आतून पावलं आली. दाराशी थांबली. कडीवर हात पडल्याचा आवाज झाला. काय करून बसले होते मी! उघडलं तर सगळंच संपलं. सुनीताची लाइन, तिच्या चोवीस बाया, समूचा सगळा महिना, आणि ते माझ्या हातानं. मला म्हणायचं होतं, समू, उघडू नकोस. पण मी शब्द काढला असता तर तोही ठकठकच झाला असता.

कडी किंचित वाजली. मग खाली दाबली गेल्यासारखी घट्ट बसली.

"मॅडम," आतून आवाज आला, "आई आल्यावर या."

'मॅडम' हा शब्द आम्ही शिकवला नव्हता. तो तिनं स्वतः जोडला होता. म्हणजे कोण आलंय ते तिला माहीत होतं, आणि तरी कडी जागेवर होती. पावलं परत गेली. आत माठात ग्लास बुडवल्याचा आवाज आला.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. चपला अजून हातातच होत्या. साळुंखेभाऊंनी खालून चहा पाठवला, वर एक ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. बस मोशीला अडकली असणार. पाच वाजून गेले तेव्हा सुनीता धावत आली. फोन हातात, त्यावर समूचा मिस्ड कॉल. मला पायरीवर बघून ती जिन्यातच थांबली.

"मॅडम, बाहेर का? काय झालं?"

"तुझ्या मुलीनं मला आत घेतलं नाही."

 सुनीता कठड्याला धरून खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. गॅलरीतून जाणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, कुणी गेलं का. सुनीतानं डोळे पुसत नकारार्थी मान हलवली. मग उठून दार वाजवलं.

"समू, आई आली."

कडी निघाली. दार उघडलं. समूनं आईकडे बघितलं नाही, छताकडे बघितलं, आणि आईचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग आईच्या मागे, पायरीवर बसलेली मी तिला दिसले. तिनं दार सताड उघडं केलं आणि बाजूला सरकली.

"मॅडम," ती म्हणाली, "या."